मोटर पाणी काहून सोडते? गाळ अन् स्लरी ओढताना ध्यानात ठेवायच्या गोष्टी



मे महिना लागला की आपल्या रिठदच्या शिवारात विहिरी उपसायचं काम निघतं. पाणी तळाला गेलेलं असतं, गाळ मोकळा झालेला असतं, शेतही रिकामं असतं. कोणी मडपंप भाड्याने आणतो, कोणी घरचंच इंजिन लावतो. ज्यांच्याकडे गोबरगॅस आहे ते हळदीच्या बेडसाठी स्लरीची टाकी रिकामी करतात. कोणी शेततळ्याच्या तळातला चिखल काढतो. काम वेगवेगळं, पण तक्रार सगळ्यांची एकच. "भौ, मोटर फिरून राहिली, आवाजही बरोबर हाय, पण दहा मिनिटांत पाणी सोडून देते."

मग सुरू होतं. मोटर बंद, पुन्हा पाणी भर, पुन्हा चालू, पुन्हा बंद. दिवस जातो. मिस्तरी येतो, पंप खोलतो, सील बदलतो, पैसे घेऊन जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बहुतेक वेळा दोष पंपात नसतोच. तो असतो पंपाच्या आधी, म्हणजे पाण्यापासून पंपाच्या तोंडापर्यंतच्या पाइपात. आज त्या पंधरा-वीस फुटांबद्दल लिहितो. पोस्ट लांब आहे, पण पूर्ण वाचा. शेवटचा भाग पंपापेक्षा महत्त्वाचा आहे.

पंप पाणी ओढतो म्हणजे काय करतो?

आपण म्हणतो पंप पाणी ओढतो. खरं तर पंपाचा पंखा फिरला की त्याच्या तोंडाशी दाब कमी होतो, आणि विहिरीतल्या पाण्यावर बसलेली हवा ते पाणी पाइपात वर ढकलते. आपण नळीने रस पितो तसंच. सगळा जोर हवेचा, आणि त्या जोराला मर्यादा आहे.

ही मर्यादा लोकांना चारशे वर्षांपूर्वीच जाणवली होती. इटलीत फ्लॉरेन्सकडच्या पंपवाल्यांना पाणी साधारण १० मीटरच्या वर ओढता येत नव्हतं. पंप कितीही चांगला करा, पाणी तिथेच थांबायचं. गॅलिलिओचा शिष्य टॉरिसेली याने १६४३-४४ च्या सुमारास पारा भरलेली काचेची नळी उलटी करून दाखवली. पारा ७६ सेंटिमीटरवर उभा राहिला. तेवढंच हवेचं वजन. पाण्यात मोजलं तर १०.३ मीटर. दहावीच्या विज्ञानात हे आपण सगळ्यांनी वाचलं, पण मोटर बसवताना ते आठवत नाही.

आता हिशोब आपल्या गावाचा. १०.३ मीटर हे समुद्रकाठचं झालं. आपला भाग समुद्रापासून ५०० मीटरच्या आसपास उंच आहे. इथे हवा थोडी पातळ, म्हणून हातात येतात साधारण ९.७ मीटर, म्हणजे ३२ फूट. त्यातले सात-आठ फूट पंपाला स्वतःच्या तोंडाशी दाब शिल्लक लागतो म्हणून सोडा. पाइप, बेंड आणि फुटवॉल यांच्या घर्षणात तीन-चार फूट जातात. उरतात २० फूट. म्हणून जुने लोक सांगतात की मोटर पाण्यापासून वीस फुटांच्या वर ठेवू नका. त्यांचा अंदाज हिशोबाला बरोबर जुळतो.

हे झालं नितळ पाण्याचं. गाळाचं पाणी जड असतं. दहा लिटरची बादली गाळपाण्याने भरा आणि काट्यावर ठेवा. बादलीचं वजन वजा जाऊन १२ किलो भरलं, तर तो गाळ पाण्याच्या सव्वापट नसला तरी १.२ पट जड आहे. मग ३२ फुटांचे राहतात साडेसव्वीस. जाड पाण्याचं घर्षणही जास्त. सगळं वजा केलं तर हातात बारा-तेरा फूट राहतात. म्हणजे जी मोटर जानेवारीत अठरा फुटांवरून हरभऱ्याला मस्त पाणी देत होती, तीच मोटर त्याच जागेवरून मे महिन्यात गाळ ओढणार नाही. मोटर बिघडलेली नसते. काम बदललेलं असतं.

गोबरगॅसच्या स्लरीचं वेगळंच आहे. तिचं वजन पाण्याच्या जवळपासच असतं, पण ती घट्ट असते आणि तिच्यात गॅस मुरलेला असतो. पाइपात दाब कमी झाला की तो गॅस बुडबुडे होऊन सुटतो, जसं सोड्याची बाटली उघडल्यावर होतं. ते बुडबुडे पंख्याच्या मधोमध जमतात आणि पंप हवा धरतो. म्हणून घट्ट स्लरी उंचावरून ओढायचीच नाही. पंप टाकीच्या बुडाच्या पातळीला किंवा त्याच्या खाली ठेवा, म्हणजे स्लरी आपोआप पंपात उतरेल. जागा तशी नसेल तर स्लरी पातळ करा आणि पंप दहा फुटांच्या आत ठेवा.

मोठ्या कारखान्यांतही हेच करतात. आपल्या विदर्भात कोराडी, खापरखेडा, पारस इथल्या वीज केंद्रांत कोळशाची राख पाण्यात कालवून पंपाने राखबंधाऱ्यात पाठवतात. असे स्लरी पंप शक्यतो टाकीच्या खालीच बसवलेले असतात. स्लरी ओढायला लावायची नाही, तिला पंपात येऊ द्यायचं. त्यांची दुसरी एक गोष्टही घेण्यासारखी आहे. शाफ्ट जिथून बाहेर येतो त्या ग्लँडमध्ये ते दाबाने स्वच्छ पाणी सोडतात. त्यामुळे कचकच ग्लँडमध्ये शिरत नाही आणि बाहेरची हवाही आत जात नाही.

हवा कुठून शिरते?

डिलिव्हरीच्या पाइपाला भोक पडलं तर पाणी बाहेर उडतं, लगेच दिसतं. सक्शनच्या पाइपाला भोक पडलं तर काहीच दिसत नाही, कारण तिथे पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून माणूस सगळीकडे शोधतो आणि तिथे पाहत नाही.

हवा शिरायच्या जागा ठरलेल्या आहेत. पंपाच्या तोंडाचा फ्लँज आणि त्यातलं रबरी वायसर. पाइपाचे जोड, खास करून क्लॅम्प लावून बसवलेला रबरी पाइप. पाणी भरायच्या नरसाळ्याचं बूच. ग्लँडची सुकलेली दोरी. ग्लँडमधून थेंब थेंब पाणी पडणं चांगलं. अजिबात पडत नसेल तर एक तर ती जळून राहिली आहे, नाही तर हवा घेऊन राहिली आहे.

तपासायच्या सोप्या रीती अशा. पहिली, मोटर बंद ठेवून सक्शन पाइप काठोकाठ भरा आणि तासभराने पहा. पाणी उतरलं आणि एखाद्या जोडातून थेंब पडताना दिसला, तर तोच जोड दोषी. जोड कोरडा असूनही पाणी उतरलं तर फुटवॉल बसत नाही. दुसरी, मोटर चालू असताना जोडावर साबणाचा फेस लावा. फेस आत ओढला गेला तर तिथून हवा जाते. काही जण उदबत्ती धरून धूर आत ओढला जातो का पाहतात. विहिरीवर उघड्यावर ते ठीक, पण गोबरगॅस किंवा स्लरीच्या टाकीजवळ उदबत्तीच काय, विडीसुद्धा पेटवायची नाही.

तिसरी रीत थोडी खर्चाची, पण भाड्याने पंप देणाऱ्यांनी आणि गटाने घेणाऱ्यांनी जरूर करावी. पंपाच्या तोंडाजवळ एक व्हॅक्युम गेज बसवा. पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये आकडे असलेलं घ्या. नितळ पाणी १ मीटर वर ओढायला साधारण ७३ मिलिमीटर लागतात. म्हणजे ३ मीटर उचल असेल तर काटा २२० च्या थोडा वर राहायला पाहिजे. पाणी तुटलं आणि काटा एकदम वर चढला, तर खाली कुठेतरी अडकलं आहे: जाळी, फुटवॉल किंवा चपटा झालेला पाइप. पाणी तुटलं आणि काटा खाली पडला किंवा थरथरायला लागला, तर हवा शिरते आहे. त्या एका काट्याने वर पाहायचं की खाली पाहायचं हे कळतं.

कानालाही कळतं. आत खडे टाकून हलवल्यासारखा कडकड आवाज आला तर सक्शनला ताण पडतो आहे, पाण्याचे वाफेचे बुडबुडे होऊन पंख्यावर फुटतात. असं चालू ठेवलं तर पंखा कुरतडला जातो. मोटर एकदम हलकी होऊन पोकळ आवाज आला, अँपिअर खाली आले, तर पंपाने हवा धरली.

भोवरा, फुगवटा आणि चपटा पाइप

पाणी कमी झालं की फुटवॉलवर भोवरा तयार होतो. वरून लहानसाच दिसतो, पण त्याची शेपटी थेट जाळीपर्यंत जाते आणि त्यातून हवा ओढली जाते. फुटवॉलवर कमीत कमी दोन-अडीच फूट पाणी ठेवा. एवढं पाणी राहत नसेल तर पाण्यावर एक फळी तरंगत सोडा, भोवरा मोडतो. ही जुनी युक्ती आहे, आजही चालते.

शेततळ्यात आणि गाळाच्या विहिरीत फुटवॉल तळाला टेकवू नका. प्लास्टिकचा रिकामा ड्रम घ्या आणि त्याला फुटवॉल दोन-अडीच फूट खाली लटकवा. पाणी उतरेल तसा तोही उतरतो. आधी वरचं पातळ पाणी निघतं, गाळ शेवटी राहतो. तळाचा गाळ काढायचा असेल तर तो तसाच ओढू नका. वरून पाण्याचा फवारा मारून ढवळा, म्हणजे तो पातळ होऊन येतो.

सक्शन पाइपाला मध्येच उंचवटा नको. पाइप पंपाकडे सारखा चढत गेला पाहिजे. कुठे कमान राहिली तर तिथे हवेचा गोळा बसतो आणि थोड्या वेळाने सुटून पंपात जातो. पाइप पंपाच्या तोंडापेक्षा एक साइज मोठा घ्या. मोठ्या पाइपाला लहान तोंड जोडताना गाजरासारखा सरळ निमुळता जोड मिळतो, त्याच्या वरच्या बाजूला हवा साचते. एक बाजू सपाट असलेला जोड घ्या आणि ती सपाट बाजू वर ठेवा. पंपाच्या तोंडालाच एल्बो लावू नका, आधी दोन फूट तरी सरळ पाइप असू द्या.

रबरी पाइप घेताना आत तारेची किंवा कडक प्लास्टिकची कडी असलेलाच घ्या. मे महिन्यातल्या उन्हात साधा पाइप मऊ पडतो आणि आतल्या ओढीने चपटा होतो. जुन्या पाइपात तर आतला थर सुटून पडद्यासारखा आडवा येतो. बाहेरून पाइप चांगला गोल दिसतो, आत वाट बंद झालेली असते. मोटर बंद केली की पडदा मागे जातो, म्हणून तपासताना काहीच सापडत नाही. पाइप सोडवून उजेडाकडे धरून आत पाहिल्याशिवाय हा दोष कळत नाही.

फुटवॉलची जाळी सोयाबीनचं कुटार, प्लास्टिकच्या पिशव्या, तुरीच्या काड्या यांनी भरते. गाळासाठी बारीक जाळी नको. मोठ्या भोकाची जाळी लावा आणि तिच्याभोवती लोखंडी टोपली किंवा कॅरेट बांधा. कचरा टोपलीवर अडकतो, पाण्याला वाट भरपूर राहते.

बंद करायची रीत

खूप लोक चालू करायची काळजी घेतात, बंद करायची घेत नाहीत. गाळ ओढता ओढता मोटर बंद केली की पाइपातला गाळ खाली बसतो. फुटवॉलच्या झडपेखाली एक खडा अडकला तरी रात्रभरात सगळं पाणी उतरतं. सकाळी पंप कोरडा. म्हणून बंद करायच्या आधी पाच मिनिटं नितळ पाणी ओढू द्या. आपोआप पाणी धरणारा मडपंप असेल तर त्याच्या पोटात पाणी शिल्लक राहावं लागतं आणि आतली रबरी झडप बसावी लागते. त्याच्या पोटाचं खालचं बूच काढून साचलेली रेती दर दिवसाला काढा.

आणि स्टार्टरवरचा ऑटो. रात्रीची लाइन येते तेव्हा आपण घरी झोपलेलो असतो. लाइन आली, मोटर सुरू झाली, पाइपात पाणी नाही. सील आणि ग्लँड जळायला वेळ लागत नाही. गाळाच्या कामात ऑटो बंदच ठेवा, किंवा कोरडी चालली तर बंद पाडणारं यंत्र स्टार्टरला लावून घ्या.

आता शेवटचं, आणि ज्याच्यासाठी एवढं लिहिलं ते

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या शिवारात स्लरीचा खड्डा उपसणं चालू होतं. पंप दर दहा मिनिटाला पाणी सोडत होता. घरचं पोरगं वैतागलं. चप्पल काढली, पँट वर खोचली. म्हणे, "काका, म्या उतरतो अन् फुटवॉल झटकून येतो. दोन मिनिटांचं काम हाय." तिथे एक म्हातारे बाबा बसले होते. त्यांनी त्याचा हातच धरला. "उतरू नको लेका. आधी वरचं पाय." आम्ही वरचं पाहिलं. फ्लँजचं वायसर एका बाजूने फाटलेलं होतं. जुन्या ट्यूबचा तुकडा कापून बसवला, बोल्ट आवळले, आणि पंप संध्याकाळपर्यंत चालला. फुटवॉल साफच होता. तो पोरगा ज्याच्यासाठी उतरत होता, ते खाली नव्हतंच.

नगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यातलं वाकडी आठवत असेल. ९ एप्रिल २०२४. जुन्या विहिरीत गोबरगॅसची स्लरी सोडत होते. त्यात मांजर पडली. एक जण तिला काढायला उतरला, तो वर आला नाही. त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. सहा जण उतरले, पाच गेले. कमरेला दोर बांधलेला एक जण वाचला. त्यांना कोणी मूर्ख म्हणू नये. आपल्या माणसाला बुडताना पाहून कोण थांबतो? म्हणूनच ठरवायचं ते आधी ठरवावं लागतं.

स्लरी ढवळली की तिच्यातला गॅस एकदम सुटतो. पंप चालू असताना खड्ड्यात तेच होत असतं. त्यात सडक्या अंड्याचा वास येणारा गॅस असतो, पण तो जास्त झाला की नाक बधिर होतं आणि वासच येत नाही. माणसाला वाटतं हवा साफ झाली. दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. विहिरीत इंजिन उतरवून चालवलं तर त्याच्या धुराचा गॅस तळाला कोंडतो. त्याला वास नाही, रंग नाही.

आपल्याकडे कंदील सोडून पाहायची रीत आहे. कंदील विझला तर उतरायचं नाही, हे बरोबर. पण कंदील जळत राहिला म्हणजे उतरायला हरकत नाही, हे बरोबर नाही. कंदील फक्त प्राणवायू कमी आहे का तेवढंच सांगतो. इंजिनाच्या धुराचा आणि सडक्या अंड्याचा गॅस माणसाला मारण्याइतका असला तरी कंदील जळत राहू शकतो. आणि स्लरीच्या खड्ड्यात कंदील सोडणं म्हणजे गॅसला आग लावणं.

म्हणून माझ्या वहीत पंपाच्या पानावर मी एवढं लिहून ठेवलं आहे, तुम्हीही लिहा.

१. फुटवॉलला दोर बांधूनच खाली सोडायचा. साफ करायचा तर वर ओढून करायचा. माणूस खाली जायचा नाही.

२. स्लरीच्या खड्ड्यात कोणीच उतरायचं नाही. जनावर पडलं तरी नाही, माणूस पडला तरी नाही. पडलेल्याला दोर आणि गळाने वर घ्यायचं, ११२ ला फोन करायचा.

३. इंजिन विहिरीच्या काठावर, धूर विहिरीपासून दूर. उचल जास्त पडत असेल तर इंजिन खाली नेऊ नका, पाण्यात बुडणारा मडपंप आणा. तो लटकवायचा दोराने, केबलने नाही. हात लावायच्या आधी मेन स्विच बंद.

४. पाणी तुटलं की आधी वरचं पाहायचं: वायसर, जोड, बूच, ग्लँड. मग पाइप. फुटवॉल सगळ्यात शेवटी, तोही दोराने वर ओढून.

५. खड्ड्याला आणि जुन्या विहिरीला झाकण. मांजर पडायलाच नको.

एक वायसर, दोन क्लॅम्प, दहा हात दोर. पंप भाड्याने आणायला जाल तेव्हाच हे सोबत घेऊन या. तुमच्याकडे अजून कुठल्या कारणाने पाणी तुटत असेल तर इथेच लिहा, पुढच्या नोंदीत घेतो. पेरणीच्या आधी सगळ्यांच्या विहिरी साफ होवोत, आणि उपसायला गेलेली सगळी पोरं संध्याकाळी घरी जेवायला असोत.